पाठीवरची सायकल : नागपूर ते रामटेक

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील वालुकाश्माचा स्तंभ आणि त्याच्या शेजारचे चार उधळलेले घोडे ठाऊक नाहीत असा नागपूरकर सापडणे कठीण. ‘झिरो माइल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणाला देशाचा मध्यबिंदू मानण्याची रीत आहे. भूगोलाच्या काटेकोर कसोटीवर हे विधान कितपत टिकते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी रस्त्यांच्या बाबतीत नागपूर देशाच्या मध्यावर आहे यात शंका नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि सुरतेजवळच्या हजिऱ्याहून ओडिशातील पारादीपला जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग येथेच एकमेकांस छेदतात. उत्तरेचा माल दक्षिणेस आणि पश्चिमेचा पूर्वेस जाताना या शहराच्या अंगावरून जातो. हे भाग्य व्यापाऱ्याचे खरे. पहाटे सायकल घेऊन घराबाहेर पडणाऱ्याचे नव्हे.

शहराच्या आत सायकलस्वाराला फारशी तक्रार करता येणार नाही. अंबाझरीचा काठ, फुटाळ्याचा तलाव, सेमिनरी हिल्सची सावली, पलीकडे गोरेवाड्याचे रान, एवढ्या परिघात पहाटेचे दोन तास सुखाने निघून जातात. गेल्या काही वर्षांत नागपुरात सायकलीचा छंद चांगलाच रुजला, आणि त्यामागे या शहरातील एका नावाचा वाटा मोठा आहे. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सैबेरियातील शर्यतही पुरी केली. अशा पराक्रमाच्या बातम्यांत सायकलस्वाराचे छायाचित्र असते. त्याच्या मागून चालणारी मोटार क्वचितच दिसते. अमेरिकेच्या त्या शर्यतीत रात्रीच्या वेळी सहायक गाडीने स्वाराच्या पाठोपाठ राहणे हा नियमच आहे. जादा सायकल, चाके, अन्न, पाणी असा सगळा संसार ती गाडी वाहते. सायकलीला मोटारीचा आधार लागावा हे विसंगत वाटले, तरी लांबच्या प्रवासात ते तसेच आहे.

सामान्य कुटुंबाचा प्रश्न याहून पुष्कळ साधा असतो. आई-वडील, दोन मुले आणि रविवारची सकाळ. मुलांना रामटेकच्या पायथ्याशी सायकल चालवायची आहे, खिंडसी तलावाच्या बाजूचा शांत रस्ता हवा आहे. पण नागपूर आणि रामटेक यांच्यामध्ये सुमारे ५० किलोमीटरचा असा रस्ता आहे की ज्यावर बारा वर्षांच्या मुलाला सायकलीवर सोडण्याचे धैर्य कोणत्याही बापाला होऊ नये. कामठी, कन्हान नदीचा पूल, मग मनसर. या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत, मॅंगनीजच्या खाणी आहेत, खापरखेड्याचे वीजकेंद्र आहे आणि या सर्वांची मालवाहतूक आहे. त्यात दिल्लीहून हैदराबादकडे धावणारे ट्रक मिसळतात. म्हणून सायकल मोटारीवर चढते, आणि ती मोटारीवर नेमकी कोठे चढावी हा वरवर क्षुल्लक भासणारा प्रश्न उभा राहतो.

टप असलेल्या लहान मोटारीचे उत्तर सोपे आहे. छतावर दोन आडव्या पट्ट्या, त्यांवर सायकल. परंतु आज नागपूरच्या अनेक अंगणांत जी गाडी दिसते ती उंच, जाड चाकांची, पाठीवर स्टेपनी मिरवणारी जीपवंशीय गाडी आहे. महिंद्राची थार १८४ सेंटिमीटरहून अधिक उंच. तिच्या छतावर १५ किलोची सायकल चढवायची तर घरातील धट्ट्याकट्ट्या माणसालाही शिडी लागते, आणि चढवल्यानंतर झाडांच्या फांद्या, तारा व वाहनतळाच्या कमानी यांचे भान सतत ठेवावे लागते. शिवाय अनेक थार गाड्यांचा टप कापडी असतो. त्यावर काही चढवण्याचा विचारच नको. उरते गाडीची पाठ. आणि पाठीवर आधीच स्टेपनी बसलेली आहे.

ही स्टेपनी तेथे कशी आली याचा इतिहास थोडा मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला मागचे दारच नव्हते. पाठीचा पत्रा बंद होता, त्यामुळे एका बाजूला जादा चाक आणि दुसऱ्या बाजूला इंधनाचा डबा टांगण्यास कोणाची हरकत नव्हती. युद्ध संपले. १९४५ मध्ये हीच जीप शेतकऱ्यासाठी तयार झाली, तेव्हा पोती चढवायला मागे दार हवे होते. दार आले आणि स्टेपनी गाडीच्या कुशीला गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जुळवण्यास आरंभ केला आणि हीच घडण आपल्याकडे आली. पुढे पिढ्यांमागून पिढ्या बदलल्या, चाके मोठी होत गेली, दार आडवे उघडू लागले आणि स्टेपनी पुन्हा पाठीवर, या खेपेस थेट दारावर, जाऊन बसली. दार आणि चाक यांच्यातील हा ८० वर्षांचा तंटा अजून मिटलेला नाही. सायकल त्यात तिसरा पक्षकार म्हणून येते.

कारखान्यातून आलेल्या गाडीत दाराच्या बिजागऱ्या दाराचे आणि कारखान्याने दिलेल्या स्टेपनीचे वजन धरून बनवलेल्या असतात. जंगलवाटांचा शौक असलेला मालक मोठे टायर बसवतो, तेव्हा स्टेपनीही जड होते आणि दार खाली झुकू लागते. त्यावरचा उपाय म्हणजे स्विंग-आउट बंपर. मागच्या मूळ बंपरच्या जागी जाड पोलादी बंपर येतो, त्याच्या एका टोकाला उभी खुंटी आणि बेअरिंग असते, आणि त्या खुंटीभोवती फिरणारी आडवी पोलादी भुजा असते. कारागीर तिला नुसते ‘आर्म’ म्हणतात. स्टेपनी दारावरून निघून या भुजेवर बसते. भुजेचे दुसरे टोक बंपरवरील कडीत अडकते. दार उघडायचे असेल तर आधी कडी सोडून भुजा बाजूला फिरवायची, मग दार उघडायचे. दाराचा भार उतरला. मात्र प्रत्येक वेळी एकाऐवजी दोन कवाडे उघडण्याचे काम मागे लागले.

आता या भुजेवर सायकलीचे कॅरियर बसवावयाचे आहे. पहिला विचार सहज सुचतो तो असा, की बंपरच्या मध्यभागी चौकोनी पोलादी नळी जोडावी, तिच्यात कॅरियरचा दांडा सरकवावा, वर सायकली उभ्या कराव्यात. गाडी घरासमोर उभी असताना हे सुबक दिसते. अडचण रामटेकला पोचल्यावर उघडकीस येते. डबे, पाण्याची सुरई, सतरंजी, सगळे दाराच्या आत आहे. दारापुढे भुजा आहे. भुजेपुढे सायकली आहेत. भुजा फिरू लागताच सायकलीच्या हँडलवर आदळते. दोन्ही सायकली उतरवल्याखेरीज घोटभर पाणी मिळत नाही. कॅरियर मागे कलते होणारे असेल तर काही अंशी सुटका होते, पण भुजेवरची स्टेपनी जेवढी जागा मागते तेवढी कलत्या कॅरियरने मोकळी होईलच असे नाही. ते आधी मोजून पाहावे लागते.

म्हणून योग्य जागा भुजेचीच. कॅरियर भुजेला जोडले तर भुजा, स्टेपनी आणि सायकली एकत्रच बाजूला फिरतात आणि दार मोकळे होते. नेमका येथेच खरा धोका दडलेला आहे, कारण आता सारा भार एका खुंटीवर आला.

थोडा हिशेब मांडून पाहावा. चाकासह स्टेपनी ३० किलोची धरली आणि तिचा मध्य खुंटीपासून ६० सेंटिमीटर अंतरावर असला, तर खुंटीवर पडणारा ओढ १८ किलो-मीटर इतका होतो. त्यात प्रत्येकी १४ किलोच्या दोन सायकली आणि १२ किलोचे कॅरियर असे ४० किलो त्याच अंतरावर वाढवले की आणखी २४ किलो-मीटरची भर पडते. ओढ दुपटीहून अधिक झाला. हा झाला गाडी उभी असतानाचा हिशेब, आणि तोही बाजूच्या ओढीपुरता. सायकली स्टेपनीच्याही मागे, भुजेपासून हातभर अंतरावर लोंबत असतात. त्यामुळे भुजेला पीळ बसतो तो निराळाच. खड्ड्यातून चाक गेले की क्षणभर हाच भार दोन-तीन पटींनी वाढतो. कन्हानच्या अलीकडे-पलीकडे जे रस्ते पावसाळ्यानंतर दिसतात ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा गुणाकार समजावून सांगावा लागणार नाही.

बंद असताना भुजेचे मोकळे टोक कशावर टेकते, हे म्हणूनच सर्वांत आधी पाहावयाचे. चांगल्या बंपरमध्ये कडीखाली तिरपा आधार असतो. भुजा मिटताना त्या उतारावर चढून घट्ट बसते आणि तिचे निम्मे ओझे तो आधार घेतो. जेथे असा आधार नाही आणि केवळ कडीच भुजेला धरून आहे, तेथे सायकल टांगू नये. दुसरी परीक्षा हाताने होते. भुजा अर्धी उघडावी, मोकळे टोक दोन्ही हातांनी वर उचलून सोडावे. आवाज आला, थोडीही हालचाल जाणवली, तर बुश झिजला आहे किंवा बेअरिंग सैल आहे. नव्या बंपरमध्येही हे आढळते. विदर्भाची काळी माती आणि उन्हाळ्याची धूळ खुंटीत शिरली की वंगणाचा लगदा होतो. वर्षातून निदान दोनदा खुंटी उघडून, पुसून नवे ग्रीस भरणे हे या शहरात तरी चैनीचे काम नव्हे.

कॅरियर भुजेला जोडण्याच्या दोन रीती आहेत. एक, स्टेपनीच्या चाकाच्या नटांतून. चाकाच्या मागे पोलादी पत्र्याची थाळी बसते, तिचा दांडा चाकाच्या मध्यातून बाहेर येतो आणि त्यावर सायकली टांगल्या जातात. यात वेल्डिंग नाही, भोके पाडणे नाही, आणि नको तेव्हा सारे उतरवता येते. परंतु थाळीच्या जाडीमुळे नट बोल्टवर कमी आट्यांनी बसतात. नटाची पूर्ण उंची आट्यांत जात नसेल तर अधिक लांबीचे बोल्ट घेणे अपरिहार्य आहे. दुसरी रीत म्हणजे भुजेलाच चौकोनी नळी वेल्ड करून घेणे. घाट रोडच्या दुकानांत किंवा हिंगणा औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या वर्कशॉपांत हे काम करणारे कुशल हात आहेत. ज्या परिसरात ट्रॅक्टरचा कारखाना वर्षानुवर्षे चालतो तेथे जाड पोलाद जोडण्याची विद्या नवी नसते. मात्र कारागिराला भाराची दिशा समजावून सांगणे ही मालकाची जबाबदारी. नळी नुसती भुजेच्या एका अंगाला चिकटवली तर सारा पीळ जोडावर येतो. तिच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी आधारपट्ट्या हव्यात, बोल्ट ८.८ प्रतीचे हवेत आणि त्यांवर आपोआप सैल न होणारे नायलॉनचे नट हवेत. जोडावर रेड ऑक्साइड व रंग त्याच दिवशी चढला पाहिजे, अन्यथा पहिल्याच पावसात गंज धरतो.

आणखी एका बाबीचा विचार सहसा कोणी करत नाही. भुजा उघडी असताना तिला त्या स्थितीत धरून ठेवणारा खटका असतो काय? गाडी उतारावर उभी असेल तर ७० किलोचा हा डोलारा आपोआप मिटू लागतो, आणि त्या वेळी डबा काढण्यासाठी वाकलेले मूल दाराशी असते. रामटेकच्या पायथ्याची जमीन सपाट नाही. उघड्या स्थितीत अडकणारी कडी किंवा साधी पोलादी पिन नसेल, तर तेवढे काम आधी करून घ्यावे आणि सायकलीचे नंतर.

सर्व जोडून झाल्यावर पहिल्याच दिवशी सायकली टांगून महामार्गावर निघणे उतावळेपणाचे ठरते. जुन्या कारागिरांची पद्धत अशी की तेवढ्याच वजनाची वाळूची पोती कॅरियरला घट्ट बांधायची आणि वस्तीबाहेरच्या खडबडीत, मोकळ्या रस्त्यावर गाडी सावकाश फिरवून आणायची. परतल्यावर प्रत्येक नटावर पाना लावून पाहायचा, वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी भेग दिसते का ते पाहायचे. पोते पडले तर वाळू सांडते, इतकेच.

आता रुंदीचा प्रश्न, आणि हा प्रश्न केवळ गाडीमालकाचा राहत नाही. शर्यतीच्या साध्या सायकलीची चाकापासून चाकापर्यंतची लांबी सुमारे १६७ सेंटिमीटर असते. २९ इंची चाकांची डोंगरी सायकल घेतली तर हीच लांबी १८९ सेंटिमीटरच्या घरात जाते. थार १८२ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे आडवी टांगलेली डोंगरी सायकल अगदी मधोमध बसवली तरी दोन्ही बाजूंनी तीन-साडेतीन सेंटिमीटर बाहेर येते. भुजेवरची स्टेपनी मध्यापासून सरकलेली असेल तर एका बाजूस बोटभर नव्हे, वीतभरही. मारुतीची जिम्नी तर अवघी १६४.५ सेंटिमीटर रुंद आहे. तिच्यावर शर्यतीची सायकलही अंगाबाहेर जाते. चालक आरशात पाहतो तेव्हा त्याला गाडीची कड दिसते, पाठीमागे आडव्या असलेल्या चाकाची नव्हे.

ही तीन सेंटिमीटर कोणाच्या वाट्याला येतात? मनसर-रामटेकच्या रस्त्याने पहाटे निघणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. रामटेकच्या पायथ्याशी भगवान शांतिनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. आचार्य श्री विद्यासागरजी महाराजांचे एकाहून अधिक चातुर्मास येथे झाले. २०१७ चा चातुर्मासही येथेच होता. या क्षेत्राकडे येणारे आणि येथून पुढे जाणारे मुनिसंघ, आर्यिका आणि साध्वी पायीच विहार करतात, आणि तो विहार महामार्गाच्या कडेने, सूर्योदयानंतरच्या कोवळ्या प्रकाशात होतो. त्याच वेळेला रविवारची सहल निघते. त्यांच्याखेरीज शेतावर निघालेल्या बाया असतात, दुधाच्या कॅन बांधलेले सायकलवाले असतात, शाळेची मुले असतात. ट्रकला वाट देण्यासाठी गाडी डावीकडे सरकते आणि बाहेर आलेले चाक कडेने चालणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीवर असते. विहारातील साधूंना रस्त्यावर झालेल्या अपघातांच्या वार्ता समाजाने वारंवार ऐकल्या आहेत. ज्या गाडीवर सायकल आहे त्या गाडीने पुढचे चाक काढून आत ठेवावे, हँडल वळवून फ्रेमला समांतर बांधावे, आणि पेडल आतल्या बाजूला करावे. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात. पुढचे चाक निघाले की डोंगरी सायकलही थारच्या रुंदीत आरामात मावते.

कायद्याची बाजूही येथेच पाहून घ्यावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, गाडीच्या बाजूंनी किंवा पुढे-मागे मर्यादेबाहेर आलेल्या भारासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. याच कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करण्यास मज्जाव करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात बदल करता येणार नाही असा निर्वाळा दिला. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून गाड्यांना लावलेल्या पोलादी संरक्षक गजांविरुद्ध कारवाई करण्यास सांगितले होते. मागचा बंपर काढून पोलादी बंपर बसवण्याचे काम या सर्वांच्या छायेत येते, हे ते विकणारा दुकानदार सहसा सांगत नाही. सहज उतरणारे कॅरियर आणि कायमचा बदललेला बंपर या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून ज्यांची चाके कारखान्यातून आलेली आहेत आणि ज्यांना महिन्यातून एकदा दोन सायकली न्यायच्या आहेत, त्यांनी मूळ बंपर तसाच ठेवून स्टेपनीवर बसणारे हलके कॅरियर घेणे शहाणपणाचे. मात्र गाडीच्या व कॅरियरच्या पुस्तिकेत दिलेली वजनाची मर्यादा पाळून. स्विंग-आउट बंपर हा वाळवंटे आणि जंगले तुडवणाऱ्यांचा अलंकार आहे. रामटेकला जाण्यासाठी त्याची निकड नाही, आणि केवळ देखणा दिसतो म्हणून तो लावणाऱ्यांची संख्या मात्र बरीच आहे.

क्रमांकाची पाटी आणि मागचे दिवे हे दोन्ही उघडे राहिले पाहिजेत. जर्मनीत सायकलींच्या कॅरियरने पाटी झाकली जात असेल तर कॅरियरवर तोच क्रमांक पुन्हा लावणे बंधनकारक आहे, आणि कॅरियरला स्वतःचे दिवे असतात. आपल्याकडे दुकानातील स्वस्त कॅरियरना यांपैकी काहीच नसते. सायकल अशा उंचीवर टांगावी की ब्रेकचा लाल दिवा चाकाच्या आऱ्यांतून नव्हे तर पूर्णपणे दिसेल. संध्याकाळी परतताना, धुरकट प्रकाशात, मागून येणाऱ्या ट्रकला तेवढाच एक इशारा असतो. फार खाली टांगली तर दुसरा घोटाळा होतो. सायलेन्सरचा तप्त वारा नेमका एका टायरवर येतो आणि तास-दोन तासांत रबर मऊ पडते.

नागपूरच्या उन्हाबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नसावी; मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या उन्हात रबरी पट्टे दोन उन्हाळे काढतात, तिसऱ्यात त्यांना बारीक चिरा पडतात, आणि चिरा पडलेला पट्टा नेमका खड्ड्यात तुटतो. विणलेल्या नायलॉनचे, लोखंडी बकल असलेले पट्टे यापेक्षा भरवशाचे. प्रत्येक सायकलीला कॅरियरपासून स्वतंत्र असा एक पट्टा थेट भुजेला बांधावा. कॅरियरचा एखादा भाग निखळला तरी सायकल रस्त्यावर पडणार नाही, लोंबत राहील.

ज्यांचा मोह रामटेकवर भागत नाही त्यांच्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिवमडक्याला, समृद्धी महामार्गाचा आरंभ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाल्यापासून कारंजा लाड आणि शिरपूर ही क्षेत्रे नागपूरकरांना सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतकी जवळ आली. या मार्गावर दुचाकी-तिचाकींना प्रवेश नाही, सायकलीला तर नाहीच. तिला जायचे असेल तर ओझे म्हणूनच जावे लागते. परंतु येथे मोटारीला १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० च्या वेगाने जाताना सायकलींवर जो दाब असतो तो १२० ला चौपट होतो. त्यात शेजारून ट्रक गेला की बाजूचा झोत येतो. पाठीवर सायकली असताना या मार्गावरही ८० च्या पुढे जाऊ नये, डावी मार्गिका धरावी, आणि सायकलीची बाटली, पंप, खोगिराखालची पिशवी असे सुटे काही तिच्यावर ठेवू नये. त्या वेगाने उडालेली पाण्याची बाटलीही मागच्या गाडीची काच फोडू शकते.

रामटेकचा रस्ता त्या मानाने संथ. मनसरला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की ट्रक मागे राहतात आणि डाव्या हाताला गडाचा डोंगर उभा राहतो. वळण घेतल्यानंतर मोकळी जागा पाहून गाडी थांबवावी. घरून सुमारे ४५ किलोमीटर झालेले असतात, आणि नव्याने आवळलेले नट पहिल्या ५० किलोमीटरांतच आपली जागा घेतात. एकदा पाना फिरवला की परतीपर्यंत चिंता नाही. ज्या कुटुंबात हे काम मुलाकडे सोपवलेले असते त्या कुटुंबातील मूल सायकलीची काळजीही आपोआप घेऊ लागते, असा अनेकांचा अनुभव आहे.

क्षेत्रावर दर्शन, थोडा अल्पोपाहार, आणि मग सायकली उतरतात. खिंडसीकडे जाणारा रस्ता हलक्या चढ-उतारांचा आहे. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला शेते, आणि पावसाळ्यानंतर तलावाचे पाणी दूरवरून चकाकते. ज्या रामगिरीवर कालिदासाचा यक्ष मेघाची वाट पाहत थांबला तो हाच डोंगर, अशी परंपरा आहे, आणि संस्कृत विद्यापीठाला कालिदासाचे नाव देऊन रामटेकने ती १९९७ साली आपल्या परीने पक्की केली. मुलांना अर्थात यक्षापेक्षा उताराचे अधिक अगत्य असते. ती पुढे निघून जातात. वडील घाम पुशीत मागून येतात. आई बहुधा सर्वांच्या पुढे असते.

ऊन चढण्यापूर्वी परतीची तयारी होते. आधी पुढची चाके काढून आत ठेवली जातात. मग जड सायकल गाडीच्या बाजूला आणि हलकी बाहेरच्या बाजूला, कारण भार गाडीला जितका जवळ तितका खुंटीला सोपा. पट्टे, बकल, भुजेचा स्वतंत्र पट्टा. शेवटी कडी नीट बसली की नाही हे भुजा दोनदा ओढून पाहिले जाते, आणि मनसरच्या दिशेने गाडी सुटते.